तीन गावांचं एकच तोंड

सोयरीक जुळत आली की बाभुळगावच्या अवतीभवतीच्या गावांत एक प्रश्न हटकून निघायचा, "नलूबाईनं पाह्यलं का?" पोरीनं पोराला पाहिलं की नाही, ते मागाहून. आधी नलूबाईनं पाहिलेलं असावं लागे.

नलूबाई म्हणजे काही मोठी असामी नव्हे. दुसरीपर्यंत शिकलेली, लोकांच्या वावरात निंदण-वेचण करणारी, भाऊ उकंडाच्या घराला लागून एका खोलीत राहणारी विधवा बाई. पण दूर गावचा पोरगा कसा आहे, हे ती असं काढून आणायची की पोराच्या मायलाही तेवढं माहीत नसावं.

तिची रीत ठरलेली. पोराच्या घरी ती सगळ्यात शेवटी जायची. आधी त्या गावच्या चक्कीवर जाऊन बसायची आणि दळण होईस्तोवर बाया काय बोलतात ते ऐकायची. मग किराण्याच्या दुकानात बोटभर गुळासाठी घासाघीस करत उभी राहायची. मग पोराच्या वेगळी चूल मांडलेल्या चुलत भावजयीकडं जायची, पण तिचं अर्धंच धरायची, कारण ती रागात बोलणार. "ज्याले लग्नात जेवाले भेटनार हाय, त्याले इचारूच नोका," ती सांगायची. "थो पोराले हिराच म्हनन. अन् ज्याच्या पोरीले त्या पोरानं नापसंत केलं, त्याले बी इचारू नोका. थो कोळसा म्हनन." एकमेकांना न ओळखणारी तीन तोंडं, तीन निराळ्या गावांतली, एकच गोष्ट बोलली तर ती खरी. आणि बोलता बोलता एखादा माणूस "थे मले मालूम नाई बापा" असं म्हणाला, तर त्याचं बाकीचं बोलणं नलूबाई पदराला गाठ मारून घरी आणायची.

ही अक्कल तिला तिच्याच लग्नानं दिली. तिच्या बापाला तीन जणांनी सांगितलं होतं, पोरगा रेल्वेत आहे. बाप हरखला, पोरगी देऊन मोकळा झाला. सासरी गेल्यावर कळलं, नवरा दारव्ह्याच्या छोट्या आगगाडीत शेंगदाणे विकतो. बाप तणतणत त्या तिघांकडं गेला. तुमाले कोनं सांगतलं म्हणून विचारलं, तर तिघांनी एकच नाव घेतलं, नवऱ्याच्या मामाचं. माणूस मात्र चांगला निघाला. शेंगदाण्यांच्या पुडीतले मोठे मोठे दाणे तो बायकोसाठी बाजूला ठेवायचा. मूलबाळ झालं नाही, त्याचा त्यानं कधी शब्द काढला नाही. शब्द काढायला गाव होतंच.

नवरा गेल्यावर नलू माहेरी आली ती उकंडाच्या ममताला मांडीवर घ्यायला. ममताची माय बाळंतपणातून उठलीच नाही. त्यामुळं ममताचे दात, ममताची गोवर, ममताची बारावी, सगळं आत्यानं पाहिलं. आणि ममतासाठी पोरगा पाहायची वेळ आली, तेव्हा नलूबाईनं अख्खा उन्हाळा चपला झिजवल्या आणि बोरी अरबचा संघदीप शोधून काढला. दारू नाही, जुगार नाही, मायला धरून राहणारा, मजुरीचं काम असेल तिथं जाणारा. जरा अबोल होता, पण उकंडासारखा बडबड्या सासरा असल्यावर जावई अबोलच बरा. विहारात पंचशील घेऊन साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. कापूस निघाला की लग्न, असं ठरलं.

मग ते बोंडअळीचं साल उगवलं.

कापसाची पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावरून गेली होती. बाहेरून पाहावं तर हिरवीगार, अन् बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी निवांत झोपलेली. लोक फवारे मारून दमले, अळी काही दमेना. उंच पऱ्हाटीत पंप घेऊन शिरलं की औषध बोंडावर कमी आणि माणसाच्या तोंडावर जास्त पडायचं. मजुरीनं फवारणारी पोरं वावरातून घरी यायच्या ऐवजी दवाखान्यात जाऊ लागली. काही परत आलीच नाहीत. त्या दिवसांत लोकांनी एकमेकांना "काय चाललं?" असं विचारायचंही सोडून दिलं होतं.

संघदीपही पडला. ओकाऱ्या झाल्या, डोळ्यांपुढं धुकं आलं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्याला ठेवलं, आणि तो परत आला. वाळून काडी झाला, पण आला. नलूबाईनं जाऊन पाहून घेतलं आणि सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास तिनं जरा लवकरच टाकला.

दिवाळी सरली आणि एका सकाळी उकंडा मोबाइल घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. घरात मोबाइल तो एकच, आणि तो उकंडा कोणाला शिवू द्यायचा नाही.

"बाई, ऐक. सोयरीक मोडली."

"कोनाची?"

"ममताची. आत्ताच मोडली. मीच मोडली."

मोबाइलमध्ये एका पट्टी बांधलेल्या डोळ्याचा फोटो होता आणि मागून एक माणूस खड्या आवाजात बोलत होता. इंग्लंडच्या डॉक्टरांनी शोध लावला आहे. ज्यांच्या अंगात फवारणीचं विष गेलं, ते वर्षाच्या आत आंधळे होतात. त्यांना मूलबाळ होत नाही. पोरीच्या बापांनो, डोळे उघडा!

"पाह्यलं?" उकंडा म्हणाला. "इंग्लंडच्या डॉक्टराले ठाऊक हाय, अन् आपल्याले नाई."

चुलीजवळ बसलेली ममता उठून आली. "बाबा, इंग्लंडमधी पऱ्हाटी असते का?"

"तू चूप बस. तुयाच भल्याचं बोलून राह्यलो."

"मग आत्याले जाऊ द्या. आत्यानं जुळवलं, आत्याच चौकशी करन. आत्या खरं म्हनन तं मी बी खरं म्हनतो." आणि ती आत्याकडं पाहत राहिली. तिनं मूलबाळ हा शब्द तोंडातून काढला नाही, आत्यापुढं तो काढायचा नसतो एवढं तिला लहानपणापासून कळत होतं.

नलूबाईचे गुडघे त्या दिवसांत वेचणीनं पार कामातून गेले होते. अळीनं खाल्लेला कापूस बोंडातून सुटत नाही, नखं तुटतात, दिवसभर वेचावं तरी कमरेला बांधलेली ओटी भरत नाही. पण पोरीनं डोळ्यांत डोळे घालून मागितलेलं काम, नाही कसं म्हणायचं? वेचण झाल्यावर ती तशीच निघाली.

आधी गावातली किराणावाली चंदाबाई. "अवं हाव," चंदाबाई म्हणाली, "एकदम खरं हाय. इंग्लंडच्या डॉक्टरानं सांगतलं." दुसऱ्या दिवशी बाभुळगावच्या बसस्टँडजवळचा शिंपी. मशीन न थांबवता तो म्हणाला, "वर्षाच्या आत आंधळे होते म्हन्ते ना बाई." तिसऱ्या वेळी ती यवतमाळला मावसबहिणीकडं गेली. बहिणीनं कपाळाला हात लावला. "नलू, लेकराचं बी सुख नाई म्हन्ते वं. डोळे उघड माय."

तीन गावं, तीन तोंडं. ही तिघं कधी एकमेकांच्या ताटात जेवलेली नव्हती, एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. नलूबाईच्या आयुष्यभराच्या हिशेबानं याला खरं म्हणतात. तुमाले कोनं सांगतलं, हा बापानं शिकवलेला प्रश्न तिनं विचारला नाही असं नाही. विचारला. तिघांनीही सांगितलं, "मोबाइलवर आलं." तिला वाटलं, मोबाइल म्हणजे रेडिओसारखं काही असावं, दूर कुठं शहाणी माणसं बसून बोलत असतील. आणि खरं सांगायचं तर ती थकली होती. थकलेल्या माणसाला उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न सुचत नाही.

"खरं दिसून राह्यलं," तिनं घरी येऊन सांगितलं.

ममतानं पेटीतून साक्षगंधाची साडी काढली, घडी नीट केली, पिशवीत घातली आणि पिशवी आत्याजवळ ठेवली. ज्यानं सोयरीक जुळवली, त्यानंच साडी परत न्यायची, असा रिवाज आहे. ओरडली असती, रडली असती, तर नलूबाईला बरं वाटलं असतं.

बोरी अरबला जायचं म्हणजे यवतमाळला गाडी बदला, मग दारव्ह्याकडची गाडी धरा. पिशवीत काय साडी असते, पाव किलो वजन. पण नलूबाईनं ती या मांडीवरून त्या मांडीवर शंभरदा बदलली.

संघदीपची माय कोकिळा दारातच होती. "जयभीम नलूबाई! या, या. लय थकल्या वं, चेहरा पाहा कसा झाला." तिची नजर पिशवीवर गेली आणि ती आत चहा ठेवायला वळली. पिशवी ओळखायला बाईला वेळ लागत नाही.

संघदीप अंगणात बाजेवर बसला होता. एक डोळा हातानं झाकून तो समोरच्या निंबाकडं पाहत होता. मग दुसरा झाकून पाहिलं. नलूबाई दिसली तसा तो उठला.

"काय पाहून राह्यला बापू?"

"काई नाई आत्याबाई. निंब दिसते का, थे पाह्यतो." तो ओशाळून हसला. "रोज सकाळी पाह्यतो. अजून दिसते."

"दवाखान्यातून सुट्टी देतानी त्याईनं काय सांगतलं होतं?"

"पुन्हा दाखवाले बोलावलं होतं. मी गेलोच नाई." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "हे आलं नं मंग. मनलं, डॉक्टर बी हेच सांगन, तं आयकाले कायले जाव? तुमी साडी आनली, बराबर केलं. माया बहिनीचं असतं तं मी बी हेच केलं असतं."

आणि त्यानं ते लावलं. तोच खडा आवाज. इंग्लंडच्या डॉक्टरांनी. वर्षाच्या आत. पोरीच्या बापांनो, डोळे उघडा.

नलूबाई एकेकाचं बोलणं आठवू लागली. चंदाबाई काय म्हणाली होती? इंग्लंडच्या डॉक्टरानं. शिंपी? वर्षाच्या आत. मावसबहीण? डोळे उघड. तिला इतक्या वर्षांत हजार तोंडांनी हजार पोरांबद्दल सांगितलं होतं. एका पोराला एक जण रागीट म्हणायचा, दुसरा म्हणायचा मिर्चीसारखा आहे, तिसरा म्हणायचा त्याच्या बैलाला विचार. गोष्ट एक, पण शब्द ज्याचे त्याचे. इथं शब्दही एकच होते. ती तीन तोंडं नव्हतीच. रेल्वेतल्या नवऱ्याचा मामाच पुन्हा भेटला होता.

पूर्वी एका गावची गोष्ट दुसऱ्या गावी जायला बाजाराचा दिवस लागायचा. वाटेत ती झिजायची, फुगायची, कोणी तरी तिला अडवून विचारायचं, काय वं, खरं का? म्हणून तीन गावं म्हटली की तीन तोंडं व्हायची. या मोबाइलनं सारी गावं एकाच बाजेवर आणून बसवली होती, आणि नलूबाई अजून गाडी बदलत हिंडत होती.

"कोकिळाबाई," ती म्हणाली, "हे साडी माया पिशवीत जरा चुरगळली वं. घरी नेऊन ममताले इस्तरी कराले देतो."

कोकिळा पदर तोंडाला लावून आतच उभी राहिली. संघदीप म्हणाला, "म्हनजे हे खोटं हाय आत्याबाई?"

"खोटं हाय हे बी मले मालूम नाई," नलूबाई म्हणाली. "खरं हाय म्हून सांगाले मी कोन, एवढं मात्र आत्ता समजलं."

घरी आल्यावर तिनं भावाच्या हातातून मोबाइल काढून ममताला दिला. त्याच्या बायकोनंही कधी तो धीर केला नव्हता, अर्थात तेव्हा मोबाइल नव्हता.

"पाह्य पोरी, हे कोठून आलं. एक एक घर मागं जाय. चंदाबाईले कोनं धाडलं, शिंप्याले कोनं धाडलं, सारं काढ."

आत्यानं विचारायचं आणि भाचीनं शोधायचं, असं चाललं. चंदाबाई, शिंपी, मावसबहिणीचा पोरगा, सगळे एकाच ग्रुपमध्ये निघाले. कापसाच्या भावाचा ग्रुप. रोज सकाळी कुठं काय भाव निघाला ते त्यावर येतं, म्हणून गावोगावचे लोक त्यात.

"त्यावरचा भाव कधी चुकत नाई," उकंडा अडून बसला. "भाव खरा येते, तं हे बी खरंच असन नं!"

"चक्कीवाल्याले पिठाचं इचारावं," नलूबाई म्हणाली, "पोटदुखीचं कायले इचारतं?"

ममता मागं मागं जात राहिली. तो पट्टीवाला फोटो तिनं मोबाइलवरच शोधला, तर तो चांगला जुना निघाला, भलत्याच मुलखातल्या मोतीबिंदूच्या शिबिराचा. इंग्लंडच्या डॉक्टरांचं नाव काही सापडेना. नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही. "आत्या, या डॉक्टरले मायबाप हाय का नाई?" असं ती म्हणाली तेव्हा साडी बांधून दिल्यापासून पहिल्यांदा हसली. आणि शेवटी मूळचा मोठा व्हिडिओ सापडला. ग्रुपवर आला होता तो त्याचा तुकडाच. मोठ्यात शेवटी तोच खडा आवाज सांगत होता, घाबरू नका, रक्तातलं विष उतरवणारा काढा आमच्याकडं मिळेल, खालच्या नंबरवर फोन करा.

"पाह्य," नलूबाई म्हणाली. "लग्नात जेवनाराच निघाला."

उकंडानं मोबाइल कानाजवळ नेऊन तो शेवट दोनदा ऐकला. मग म्हणाला, "म्हनजे काढेवाला खोटा. तं पोरगा चांगला. झालं, करू लग्न!"

"थांब नं बापा. किती उड्या मारतं. दलाल खोटा निघाला म्हून बैल चांगला ठरते का? बैलाचे दात पाहा लागते."

म्हणून मग सगळे यवतमाळच्या दवाखान्यात गेले. संघदीप तिकडून आला, ही तिघं इकडून. बोंडअळीच्या सालात त्या दवाखान्यात बाकड्यावर जागा मिळणं म्हणजे पोळ्याला मानाची जागा मिळण्यासारखं. दुपार कलली तेव्हा नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण नलूबाईसारखीच थकलेली. तिनं संघदीपचे डोळे तपासले, जुने कागद पाहिले, त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तो सगळ्यात खालची ओळही वाचू लागला तेव्हा ममतानं आत्याचा हात धरला.

"डोळे आज चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण परत दाखवायला यायचं होतं, का नाही आलात?"

संघदीपनं मोबाइल पुढं केला. तिनं थोडं ऐकलं आणि हातानं बंद करा म्हणून सांगितलं. हे रोज कोणी ना कोणी घेऊन येतं, असं तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"असं वर्षात आंधळं झालेलं मी कोणाला पाहिलं नाही, आणि कुठं वाचलंही नाही."

"अन् लेकराबाळाचं?" उकंडानं एकदम विचारलं. ममतानं मान खाली घातली.

"यांना मूल होणार नाही, असं म्हणायला माझ्याकडं काही आधार नाही. पण ते विष खूप वर्षांनी काय काय करतं, ते सगळं मला माहीत नाही. खोटी हमी मी देणार नाही. दाखवायला येत राहा. आणि फवारणी बंद. पोटासाठी करावीच लागली तर अंग, तोंड, डोळे झाकल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही."

बाहेर येताच उकंडा भडकला. "डॉक्टर होऊन म्हन्ते, मले मालूम नाई! एवढी बुकं कायले शिकली मंग? हा मोबाइल पाहा, याले सारं मालूम हाय!"

"म्हूनच," नलूबाई पायरीवर बसत म्हणाली. गुडघे पुढं चालेनात. "एवढ्या दिवसात हे पहिली भेटली उकंडा, जिनं मालूम नाई मनलं. तिचं बाकीचं मी बांधून घेतलं. आता तू इचार पोरीले."

उकंडानं पोरीकडं पाहिलं. ममता संघदीपकडं पाहत होती. तो आवारातल्या झाडाकडं पाहत होता, सवयीनं एक डोळा झाकून.

"दोन्ही डोळ्यानं पाहा नं," ती त्याला म्हणाली. "मी इकडं हाय."

उकंडा खाकरला, दुसरीकडं पाहू लागला. मग म्हणाला, "लेकराचं कसं, बाई? पोरगी देऊन बसलो अन्..."

"मले कुठी झालं?" नलूबाई म्हणाली. "माया नवऱ्याच्या अंगात तं फवारा बी गेला नव्हता. अन् झालंच नाई असं बी नाई. हे काय उभी हाय."

लग्न ठरल्या वेळीच करायचं ठरलं. इथं गोष्ट संपली असती तर नलूबाईचे गुडघे वाचले असते.

ती चंदाबाईकडं गेली. "चंदाबाई, थे मी खरं मनलं होतं नं, थे मायं चुकलं. काढेवाल्याचं निघालं थे."

चंदाबाईनं तिच्याकडं दयेनं पाहिलं. "असू दे वं. घरची पोरगी हाय, आता झाकाच लागते. समजते मले."

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "पन बाई, मी तं सगळ्याईले सांगून राह्यलो, नलूबाईनं स्वतः तपासलं म्हून. लोकं आता त्या इंग्लंडच्या डॉक्टराले नाई इचारत, तुमचंच नाव घेते."

नलूबाई तिथंच बाकड्यावर बसली. एक शब्द होता, "खरं दिसून राह्यलं." घरात, भावापाशी, थकून बोललेला. तो तिच्याआधी गाडीत बसून निघून गेला होता. मामा झाली होती ती, रेल्वेतल्या पोराचा मामा. मग ती हिंडू लागली. मावसबहिणीकडं, तिथून तिच्या नणंदेकडं, चक्कीवर, विहारात. ऐकणारे ऐकायचे, मान हलवायचे. भीतीची गोष्ट एका दमात गावात शिरते. तिला बाहेर काढायला मात्र घरोघरी जाऊन बसावं लागतं, चहा प्यावा लागतो.

लग्न तोंडावर आलं असताना ती अशीच यवतमाळहून गाडीत बसली. शेजारी एक बाई आली, मांडीवर पिशवी. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर. नलूबाईनं न विचारताच ओळखलं.

"साडी हाय का?"

बाई दचकली. मग तिला बोलायला माणूसच हवं होतं. "हाव माय. पोरीची. परत द्याले जाऊन राह्यली. पोरगा फवाऱ्यात पडला होता नं, थो आंधळा होते म्हन्ते."

"कोनं सांगतलं?"

"सारेच सांगते. अन् थे बाभुळगावकडची नलूबाई हाय म्हन्ते, तिनं तं स्वतः चौकशी केली. आपल्या भाचीचं लग्न मोडलं तिनं."

नलूबाई खिडकीबाहेर पाहत राहिली. वावरांत लोक पऱ्हाट्या उपटून ढीग लावत होते.

"मीच थे नलूबाई."

बाईनं तिला खालून वर पाहिलं. तुटलेली नखं, पायातली दोरीनं बांधलेली चप्पल. "चाल वं! थे लय हुशार बाई हाय म्हन्ते."

"होती. चुकली थे. लग्न मोडलं नाई, चार दिवसानं हाय. आमच्या विहारात ये, नवरदेवाचे डोळे पाह्य, त्याच्याशी बोल."

"खरं सांगून राह्यली का मावशे?"

"माया शब्दावर जाऊ नोको," नलूबाई म्हणाली. "मी त्या लग्नात जेवनार हाय."

गाडी खड्ड्यांतून आदळत राहिली. बाभुळगाव आलं, नलूबाई दांड्याला धरून उठली, एक पायरी उतरली, दम घेतला. मागून त्या बाईनं हाक मारली. पिशवी तिनं आता पोटाशी धरली होती.

"मावशे, थे डोळे पाह्यनारी डॉक्टरीण, दवाखान्यात कुठी बसते?"